कन्व्हर्टेड कॉन्डो घेताय? डेव्हलपरने दिलेला कागदांचा गठ्ठा कसा वाचायचा (फ्लोरिडावाल्यांसाठी)

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे हे सगळं का लिहायला घेतलंय ते कळेल. २००५ साली आम्ही टॅम्पामध्ये भाड्याने राहत होतो, १९८४ सालचं दोनमजली कॉम्प्लेक्स, २४० अपार्टमेंट, मधे तळं, तळ्यात एक मगर जिला आमची मुलगी "आपली मगर" म्हणायची. एक दिवस जाडजूड पाकीट आलं, की हे अपार्टमेंट्स आता कॉन्डो (म्हणजे एकेक विकत घ्यायची मालकीची घरं) होणार, तुम्ही राहताय तेच युनिट विकत घ्यायचा पहिला हक्क तुमचा, ४५ दिवसांत कळवा. महिन्याभरात किचनला ग्रॅनाइट आला, नवा फ्रिज आला, बाहेरून सगळ्या बिल्डिंगांना पिवळा रंग फासला, आणि तीनशे-साडेतीनशे पानांचा एक गठ्ठा हातात पडला. मी त्यातला फ्लोअर प्लॅन बघितला, महिन्याची फी किती ते बघितलं आणि सही ठोकली. तीन वर्षांनी पाइप फुटायला लागले, आज या बिल्डिंगमध्ये उद्या त्या, आणि प्रत्येक युनिटला ३,२०० डॉलरची स्पेशल असेसमेंट (महिन्याच्या फीशिवाय वेगळी वर्गणी) आली. मी मीटिंगमध्ये तावातावाने बोलायला उठलो तर शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका रिटायर्ड आजोबांनी तोच गठ्ठा उघडून माझ्यासमोर धरला. प्लंबिंग, वय २१ वर्षं, बदलायचा खर्च इतका, दर युनिटमागे इतका. सगळं छापलेलं होतं. माझ्या घरी कपाटात वरच्या फळीवर तीन वर्षं पडून होतं.

तर आता जो कोणी मंडळात भेटला की विचारतो "अरे एक कॉन्डो बघितलाय, आतून एकदम नवा आहे, स्वस्तात मिळतोय" त्याला मी पहिला प्रश्न विचारतो, बिल्डिंग कधीची, आणि आधी तिथे भाडेकरू राहायचे का. हो म्हणाला की समजायचं कन्व्हर्जन आहे. आणि मग पुढची टेप सुरू होते, ती इथे लिहून काढतोय.

एक गोष्ट आपल्या डोक्यात मुळातच वेगळी बसलेली असते. मुंबई-पुण्यात जुनी बिल्डिंग म्हटलं की ती पाडून रिडेव्हलपमेंट, म्हणजे शेवटी हातात येतं ते नवंकोरं. इथे कन्व्हर्जनमध्ये काही पाडत नाहीत. एक कंपनी अख्खं भाड्याचं कॉम्प्लेक्स उचलते, कायद्याने त्याचे तुकडे करते, रंगरंगोटी करते आणि एकेक युनिट वेगळं विकते. पुण्यात ज्यांनी सोसायटी नाही तर अपार्टमेंट घेतलाय, १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचा, डीड ऑफ अपार्टमेंटवाला, त्यांना ही भानगड लगेच कळेल: घराच्या आतलं तुमचं, आणि छप्पर, जिने, पाइप, पार्किंग, जमीन यात तुमचा अविभक्त हिस्सा. म्हणजे तुम्ही नवं किचन घेत नाही आहात, तुम्ही एका जुन्या छपराचा दोनशेचाळिसावा हिस्सा घेताय आणि त्यासोबत किचन फुकट मिळतंय असं समजा. किचन तुम्हाला दिसतं, छपरावर कोणी चढत नाही, आणि डेव्हलपरने काय काय उघड करायचं हा कायदा नेमका त्या न दिसणाऱ्या भागासाठी आहे.

फ्लोरिडाचा कॉन्डोमिनियम कायदा म्हणजे स्टॅट्युट्सचा चॅप्टर ७१८, आणि त्यातला सहावा भाग खास कन्व्हर्जनसाठी आहे. (गंमत म्हणजे फ्लोरिडाचा पहिला कॉन्डो कायदा १९६३ चा आणि आपला मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट ओनरशिप कायदा, पण १९६३ चाच, आणि त्यातही बिल्डरने खरी आणि पूर्ण माहिती द्यायची हेच होतं. दोन्हीकडे लोकांना एकाच वेळी बिल्डर चावायला लागले असावेत.) बाकीच्या राज्यांत नियम वेगळे आहेत, न्यू जर्सी-शिकागोवाल्यांनी हे वाचून तिकडे दिवस मोजत बसू नका.

गठ्ठ्यात काय काय असायला हवं

२० पेक्षा जास्त युनिट असतील तर डेव्हलपरला प्रॉस्पेक्टस (सविस्तर माहितीपत्रक) द्यावाच लागतो, आणि तो आधी राज्याच्या डीबीपीआर नावाच्या खात्याकडे, तिथल्या कॉन्डोवाल्या डिव्हिजनकडे, फाइल करावा लागतो. आता सेल्सवाला तुम्हाला सांगेल की "स्टेटने अप्रूव्ह केलंय". स्टेट काय बघतं तर लागणारे कागद आहेत की नाहीत. छप्पर चांगलं आहे, भाव बरोबर आहे असलं सर्टिफिकेट कोणी देत नाही. त्यामुळे या वाक्यावर नुसतं हसायचं आणि पुढे जायचं.

प्रॉस्पेक्टसमध्ये डिक्लेरेशन (कॉन्डो ज्याने तयार होतो तो मूळ दस्तऐवज) असतं, असोसिएशनचे (युनिट मालकांच्या संस्थेचे) बायलॉज, नियम, अंदाजे बजेट, मॅनेजमेंटवाल्याशी केलेला करार, क्लबहाऊस-पूल वगैरे कोणाच्या मालकीचं आहे ते, युनिट भाड्याने देता येईल का, कुत्रं पाळता येईल का, मुलांवर काही बंधनं आहेत का, डेव्हलपर कोण आणि त्याने याआधी काय केलंय. यातलं भाड्याचं कलम आपले लोक हमखास विसरतात. "इन्व्हेस्टमेंट म्हणून घेऊ, भाड्याने देऊ" असं ठरवून घेतात आणि नंतर कळतं की वर्षातून एकदाच भाडेकरू बदलता येतो किंवा पहिली काही वर्षं भाड्याने देताच येत नाही. हे डिक्लेरेशनमध्ये लिहिलेलं असतं, सेल्स ऑफिसच्या चकचकीत ब्रोशरमध्ये नसतं.

ब्रोशरवरून आठवलं, तो फेकू नका. करारात ठळक अक्षरात एक वाक्य असतं की तोंडी सांगितलेल्या गोष्टींवर विसंबू नका, खरं काय ते कागदात बघा. आणि कन्व्हर्जन असेल तर आणखी एक सूचना असते की डेव्हलपरने स्पष्ट शब्दांत दिलेली (एक्सप्रेस) वॉरंटी म्हणजे लेखी असेल तेवढीच, तोंडी नाही. म्हणजे पूल पुढच्या उन्हाळ्यात नवा करू असं तो गोड हसून सांगत असेल तर म्हणायचं, छान, करारात एक ओळ टाक. टाकली नाही तर पूल होणार नाही. पण छापील जाहिरातीत किंवा प्रॉस्पेक्टसमध्ये खोटं काही महत्त्वाचं लिहिलं असेल आणि तुम्ही त्यावर भरवसा ठेवून घेतलं असेल तर मात्र कायद्याने दाद मागता येते, म्हणून तो कागद जपून ठेवायचा.

खरा ऐवज: कंडिशन रिपोर्ट

गठ्ठ्यात सगळ्यात आधी हे पान शोधा. कलम ७१८.६१६. जुन्या, आधी लोक राहून गेलेल्या बिल्डिंगचा कॉन्डो करताना डेव्हलपरला बिल्डिंगच्या अवस्थेचा रिपोर्ट द्यावा लागतो. सुरुवातीला बांधकाम कधीचं, कोणत्या प्रकारचं, आधी वापर कशासाठी व्हायचा ते. मग वाळवी. वाळवी आहे का, होती का, ट्रीटमेंट केली का, आणि हे सर्टिफाइड पेस्ट कंट्रोलवाल्याने तपासलेलं असावं लागतं. फ्लोरिडात वाळवी म्हणजे काय चीज आहे ते नव्याने आलेल्यांना कळत नाही. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा एका घराला पट्ट्यापट्ट्यांचा भलामोठा तंबू घातलेला बघून म्हणाली, लग्न दिसतंय कोणाचं तरी. अख्खं घर तंबूत घालून विषारी गॅस सोडतात हे सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना.

त्यानंतर येते मुख्य यादी. छप्पर, स्ट्रक्चर, आगीपासून बचावाची यंत्रणा, लिफ्ट, हीटिंग-कूलिंग, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, पूल, समुद्राकाठी असेल तर सीवॉल आणि धक्के, रस्ते-पार्किंग-फुटपाथ, ड्रेनेज, बागेला पाणी द्यायची लाइन. यातल्या प्रत्येकापुढे काही गोष्टी लिहिलेल्या असायला हव्यात: आजचं वय, अजून किती वर्षं टिकेल याचा अंदाज, आजच्या भावाने बदलायचा खर्च, एकूण किती आणि दर युनिटमागे किती, आणि सध्या ते धड आहे की नाही. हे डेव्हलपरने मनाने लिहून चालत नाही, फ्लोरिडात लायसन्स असलेल्या आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरने सर्टिफाय करावं लागतं. अर्थात त्याची फी डेव्हलपरच देतो, त्यामुळे वाचताना तेवढं मीठ बरोबर घेऊन बसायचं. पण एक चांगली सोय कायद्यात आहे की हा रिपोर्ट नुसता सरकारी फाइलीसाठी नाही, प्रत्येक युनिटचा मालक आणि असोसिएशन हे त्या रिपोर्टचे लाभार्थी धरलेत. म्हणजे उद्या रिपोर्टमध्ये धडधडीत चुकीचं निघालं तर "तुमचा काय संबंध, रिपोर्ट आम्ही डेव्हलपरला दिला होता" असं म्हणून त्या इंजिनिअरला हात झटकता येत नाहीत.

वाचायचा कसा? मी असं करतो. एक कोरा कागद घ्यायचा, प्रत्येक वस्तूपुढे "उरलेली वर्षं" आणि "दर युनिट खर्च" एवढंच उतरवायचं, बाकी काही नाही. मग तुम्ही तिथे किती वर्षं राहणार किंवा ठेवणार आहात ते ठरवा, समजा १० वर्षं. ज्या ज्या वस्तूची उरलेली वर्षं १० पेक्षा कमी आहेत त्यांच्या दर युनिट खर्चाची बेरीज करा. ती बेरीज म्हणजे या घराच्या किमतीत न दिसणारी किंमत. माझ्या एका मित्राने हे केलं तर बेरीज १९,००० डॉलर आली, आणि तो घासाघीस करत होता वॉशिंग मशीन फुकट मिळावं म्हणून.

आणि रिपोर्ट हातात घेऊन एकदा प्रत्यक्ष बघायला जायचं. रिपोर्टमध्ये "प्लंबिंग समाधानकारक" लिहिलेलं असो नसो, किचन सिंकखालचं कपाट उघडायचं, आतल्या क्लीनरच्या बाटल्या बाजूला करायच्या आणि मोबाइलचा टॉर्च मारायचा. भिंतीतून येणारा पाइप करड्या रंगाचा, प्लास्टिकचा, जरा मळकट दिसणारा आहे का? त्यावर पीबी २११० असं काही छापलंय का? तर ते पॉलिब्युटिलीन. साधारण १९७८ ते १९९५ मधल्या बांधकामात हे भरपूर वापरलं, नंतर बंदच झालं कारण पाण्यातल्या क्लोरीनने ते आतून ठिसूळ होतं, बाहेरून काही कळत नाही आणि एक दिवस जॉइंट सोडून देतो. इन्शुरन्सवाले हे नाव ऐकलं की फोन ठेवतात. आमच्याकडे तेच होतं. ग्रॅनाइटच्या बरोबर खाली, दीड फुटावर. चांगल्या दिसणाऱ्या किचनमध्ये वाकून बघायचं आम्हाला सुचलं नाही.

त्याच फेरीत एसीचं बाहेरचं युनिट बघा, त्याच्या पत्र्यावरच्या प्लेटवर तयार झाल्याची तारीख असते. का ते पुढे येतंय.

रिझर्व्हचं गणित, हे स्वतः करा

बिल्डिंग जुनी झाली ती युनिट विकायच्या आधी, म्हणून झीज झालेल्या वर्षांचे पैसे डेव्हलपरनेच भरावेत हा कायद्याचा साधा विचार आहे आणि मला तो फार आवडतो. कलम ७१८.६१८. डेव्हलपरपुढे तीन वाटा असतात, एकतर कन्व्हर्टर रिझर्व्ह खात्यात (पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी बाजूला ठेवायच्या) पैसे भर, नाहीतर वॉरंटी दे, नाहीतर शुअरटी बाँड (तिसऱ्या कंपनीची हमी) दे. यातलं त्याने काय निवडलंय हे प्रॉस्पेक्टसमध्ये शोधायचं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून.

रिझर्व्ह भरायचं तर तीन गोष्टींसाठी: एसी, प्लंबिंग, छप्पर. हिशोब अपूर्णांकाचा आहे, चौथीतल्या मुलाला जमेल. प्लंबिंग ४० वर्षं टिकतं असं धरलंय, तर जितकी वर्षं झाली भागिले ४०, गुणिले बदलायचा खर्च. जास्तीत जास्त ३६ भागिले ४०, म्हणजे पाइप पन्नास वर्षांचे असले तरी छत्तीसच धरायचे. एसीला १० वर्षं, वरची मर्यादा ९, पण समुद्रकिनाऱ्यापासून १,००० यार्डांच्या आत असेल तर खारी हवा लक्षात घेऊन ४ वर्षं आणि मर्यादा ३. छपराला प्रकारानुसार वेगळं, आपल्याकडे सर्रास दिसतात त्या अस्फाल्ट शिंगलला १५ आणि मर्यादा १४, सिमेंटच्या कौलांना ५० आणि मर्यादा ४५.

आमच्याच प्लंबिंगचं उदाहरण घ्या. खर्च ९,६०,००० डॉलर, वय २१. म्हणजे २१ भागिले ४० गुणिले ९,६०,०००, ५,०४,००० डॉलर. हे डेव्हलपरने भरायचे. दर युनिटमागे खर्च ४,००० आणि त्यातले २,१०० त्याचे. वाचायला झकास वाटतं ना? आता बारीक अक्षर. हे पैसे तो एकदम भरत नाही, एकेक युनिट विकलं जाईल तसतसा त्या युनिटच्या हिश्शाएवढा भरतो. २००८ आलं, बाजार झोपला, आमच्याकडे २४० पैकी ९६ युनिट विकली गेली होती, चाळीस टक्के. खात्यात किती? २,०१,६००. पाइप मात्र शंभर टक्के फुटत होते, त्यांना विक्रीशी काही देणंघेणं नव्हतं. उरलेले ७,५८,४०० भागिले २४०, झाले ३,१६०, आणि वर किरकोळ धरून ३,२००. आजोबांनी मीटिंगमध्ये हे कागदाच्या पाठीवर करून दाखवलं तेव्हा सगळे गप्प. म्हणून रिझर्व्हचा आकडा बघताना लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: आत्तापर्यंत किती युनिट विकली गेलीत, आणि खात्यात आज प्रत्यक्ष किती आहेत.

दुसरी मेख वयाची. सगळं गणित वयावर आहे, त्यामुळे वय कमी दाखवलं की रिझर्व्ह कमी. शिंगलचं छप्पर ९ वर्षांचं आणि खर्च ६ लाख असेल तर ३,६०,००० भरायचे, पण तेच "तीन वर्षांपूर्वी नवीन केलं" असं दाखवलं तर १,२०,०००. दोन लाख चाळीस हजारांचा फरक एका वाक्यात. कायदा म्हणतो वय नवीन केल्याच्या तारखेपासून मोजता येतं, पण ते काम तेव्हाच्या बिल्डिंग कोडप्रमाणे झालेलं असलं पाहिजे आणि आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरचं शिक्क्यासकट सर्टिफिकेट लागतं. ते मागा. शिवाय बहुतेक गावांच्या आणि काउंटीच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की जुनी परमिट दिसतात. छप्पर बदलल्याचं परमिट त्या वर्षी आहे का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी मेख एसीची. एसी रिझर्व्ह फक्त त्या सिस्टिमसाठी जी एकापेक्षा जास्त घरांना चालते किंवा जिची जबाबदारी असोसिएशनची आहे. गार्डन अपार्टमेंटमध्ये (आमच्यासारख्या बुटक्या कॉम्प्लेक्समध्ये) प्रत्येक घराला आपापला एसी असतो, म्हणजे तिथे एसीचं रिझर्व्ह शून्य, आणि ते १६ वर्षांचं धूड तुमच्या एकट्याच्या गळ्यात. म्हणून ती पत्र्यावरची तारीख बघायला सांगितली.

डेव्हलपरने रिझर्व्हऐवजी वॉरंटी निवडली असेल तर ती छप्पर, स्ट्रक्चर आणि सामायिक मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल-प्लंबिंगवर असते. मुदत कन्व्हर्जनच्या नोटिशीपासून ३ वर्षं, किंवा डिक्लेरेशन रेकॉर्ड झाल्यापासून ३ वर्षं, किंवा असोसिएशन मालकांच्या ताब्यात आल्यावर १ वर्ष, यातलं जे सर्वात शेवटी येईल ते, पण काही झालं तरी ५ वर्षांच्या वर नाही. तुम्ही चौथ्या वर्षी घेत असाल तर समजून घ्या, पॅकेट जवळपास रिकामं आहे. आणि रिझर्व्ह पूर्ण भरलं असेल तर डेव्हलपरवर गर्भित (न लिहिताही कायद्याने धरली जाणारी) वॉरंटीची जबाबदारी राहत नाही. माझं मत विचाराल तर वॉरंटीपेक्षा खात्यातले पैसे बरे. वॉरंटी देणारी कंपनी बहुतेक वेळा त्या एका प्रोजेक्टपुरती काढलेली असते, काम झालं की तिच्या ऑफिसात फोन उचलायलाही कोणी नसतं.

बजेट आणि ताबा

महिन्याची फी कमी दिसतेय म्हणून खूश होऊ नका. जोपर्यंत असोसिएशन डेव्हलपरच्या हातात आहे तोपर्यंत तो "फी अमुक रकमेच्या वर जाणार नाही" अशी गॅरंटी देऊ शकतो, त्या बदल्यात न विकलेल्या युनिटांची फी त्याला भरावी लागत नाही, फक्त कमी पडेल तेवढं तो भरतो. ऐकायला ग्राहकाच्या फायद्याचं, पण गॅरंटी संपली की पुढच्याच वर्षी फी उडी मारते. गॅरंटीची शेवटची तारीख शोधून तिच्यावर मार्कर फिरवा. असोसिएशनचा ताबा मालकांकडे कधी येतो त्याचेही नियम आहेत, मुख्य दोन सांगतो: ५० टक्के युनिट विकल्यावर ३ वर्षांनी, ९० टक्के विकल्यावर ३ महिन्यांनी, बोर्डावर बहुमत मालकांचं.

किती युनिट डेव्हलपर स्वतःकडे भाड्याने ठेवणार आहे तेही बघा. २००४ ते २००६ मध्ये फ्लोरिडात जी कन्व्हर्जनची लाट आली तिच्यातली कित्येक कॉम्प्लेक्स नंतर एकेका मोठ्या कंपनीने घाऊक विकत घेतली आणि कॉन्डो मोडून परत भाड्याची केली. कायद्यात ती सोय आहे, ८० टक्के मतं बाजूने असली आणि ५ टक्क्यांहून जास्त विरोधात नसली तर कॉन्डोच संपुष्टात आणता येतो. म्हणजे तुम्ही राहताय आणि घर विकायची इच्छा नाही तरी विकावं लागू शकतं.

भाडेकरूंचं थोडक्यात. युनिटमध्ये कोणी राहत असेल तर नोटिशीच्या आधी सलग १८० दिवस राहिलेल्या भाडेकरूला नोटिशीपासून २७० दिवसांपर्यंत मुदत वाढवून घेता येते, बाकीच्यांना १८०. तुम्ही मुलीच्या शाळेच्या हिशोबाने ऑगस्टमध्ये शिफ्ट व्हायचं ठरवाल आणि आतला माणूस कायद्याने नोव्हेंबरपर्यंत बसून राहील. आणि तुम्हीच भाडेकरू असाल, आपल्या एच-वनवाल्या मुलांमध्ये असे बरेच असतात, तर घाबरून पहिल्या आठवड्यात घर शोधायला पळू नका, हे दिवस तुमचे आहेत.

बिल्डिंग तीन किंवा जास्त मजल्यांची असेल तर आणखी दोन कागद मागायचे. २४ जून २०२१ ला मायामीजवळ सर्फसाइडला बारा मजली बिल्डिंगचा मोठा भाग रात्री कोसळून ९८ माणसं गेली, ती कन्व्हर्जन नव्हती, १९८१ ची कॉन्डो म्हणूनच बांधलेली होती, पण त्यानंतर २०२२ साली कायदा कडक झाला. ३० वर्षं झाली की माइलस्टोन इन्स्पेक्शन (बिल्डिंगच्या सांगाड्याची तपासणी), आणि दर १० वर्षांनी स्ट्रक्चरल रिझर्व्ह स्टडी (मोठ्या दुरुस्त्यांना किती पैसे साठवायला हवेत याचा हिशोब). कन्व्हर्जनच्या बिल्डिंगा बहुतेक जुन्याच असतात, त्यामुळे हे लागू पडतंच. रिपोर्ट अजून झालेला नाही असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या. आणि १९७८ च्या आधीची असेल तर लेड पेंटचा फेडरल फॉर्म वेगळा.

१५ दिवस

आता सगळ्यात महत्त्वाचं हत्यार. डेव्हलपरकडून घेताना करारावर सही झाल्यावर आणि सगळे कागद हातात आल्यावर, दोन्हींतलं जे नंतर होईल तिथपासून १५ दिवसांत तुम्ही कारण न देता करार रद्द करू शकता, डिपॉझिट परत. यावर पाणी सोडतो असं तुमच्याकडून लिहून घेतलं तरी त्याला काही अर्थ नाही, कायदा ते मानत नाही. नंतर डेव्हलपरने कागदपत्रांत तुमच्या तोट्याचा मोठा बदल केला तर पुन्हा १५ दिवस मिळतात. पण क्लोजिंग (पैसे देऊन घर तुमच्या नावावर होणं) झालं की हा हक्क संपला. म्हणून "रेट वाढतायत, पुढच्या मंगळवारी क्लोजिंग करून टाकू" अशी घाई कोणी करायला लागलं की कॅलेंडर बघा, पंधरा दिवस पुरे झालेत का. नसतील तर क्लोजिंग पुढे ढकलायचा हक्क तुम्हाला आहे.

कागद मिळाल्याची जी पावती सही करायला देतात तिच्यावर एक यादी असते आणि प्रत्येकापुढे "मिळालं" अशी खूण करायची असते. इथे आपली माणसं पेन घेऊन धडाधड टिकमार्क करत सुटतात. असं करू नका, प्रत्येक कागद गठ्ठ्यात आहे का ते बघून मगच टिक करा, कंडिशन रिपोर्ट नसेल तर तिथे "मिळाला नाही" लिहा आणि आजची तारीख टाका, कारण तुमचं घड्याळ त्या पावतीवरून चालू होतं. पीडीएफ लिंक पाठवली असेल तर ती उघडते का, सगळी पानं आहेत का तेही त्याच दिवशी बघा.

रद्द करायचं ठरलं तर फोनवर सांगून उपयोग नाही. चार ओळींचं पत्र पुरतं: युनिट नंबर, कराराची तारीख, मी हा करार रद्द करत आहे, डिपॉझिट परत करावं. करारात नोटिशीसाठी जो पत्ता दिलाय त्याच पत्त्यावर सर्टिफाइड मेलने, पावतीसकट, आणि सोबत ईमेल पण. पंधराव्या दिवसाची वाट बघू नका, दहाव्या-अकराव्या दिवशी पोस्टात जा. शनिवारी काउंटर दुपारी बंद होतं, आणि दाराशी उभं राहून काच ठोठावणारा एक मराठी माणूस मी स्वतः बघितलाय.